केमो सुरू असताना सायकल चालवावी का? संशोधन काय सांगतं, आणि बुलढाण्यात ते कसं जमेल?

कॅन्सरचं निदान झालं, केमोची पहिली तारीख ठरली, की घरातली माणसं पेशंटची कामं एकेक करून काढून घेतात. शेतातला फेरा बंद होतो, दुकानात जाणं बंद होतं, सायकल भिंतीला टेकवून ठेवली जाते. 'आता फक्त आराम कर,' असं सगळेच सांगतात. त्यामागे माया असते.

पण गेल्या साधारण ४० वर्षांतलं संशोधन वेगळं सांगतं. उपचार सुरू असताना बेताचा, ठरवून केलेला व्यायाम बहुतेक पेशंटना सोसतो आणि त्यांचा थकवा कमी करतो. या संशोधनात सायकलचा वाटा मोठा आहे, कारण सुरुवातीचे महत्त्वाचे प्रयोग सायकलवरच झाले.

मग बुलढाणा जिल्ह्यातल्या पेशंटने काय करायचं? कुठली सायकल, किती वेळ, आणि कधी अजिबात नाही? समजून घेऊ.

हा थकवा झोपून का जात नाही?

दिवसभर सोयाबीन सोंगून आलेला माणूस रात्री झोपला की सकाळी ताजातवाना होतो. कॅन्सरच्या उपचारातला थकवा असा नसतो. आठ-दहा तास झोपूनही अंग जड राहतं, जिना चढताना धाप लागते, आंघोळ करून आलं तरी पुन्हा आडवं व्हावंसं वाटतं.

याची कारणं अनेक आहेत. केमोमुळे हिमोग्लोबिन कमी होतं. भूक मंदावते, मळमळ होते, झोप मोडते. शिवाय मनावरचा ताण असतोच. यातली बरीच कारणं पेशंटच्या हातात नसतात.

पण एक कारण असं आहे की ते आरामामुळेच वाढतं. माणूस आठवडेच्या आठवडे पडून राहिला की स्नायू झिजतात आणि हृदयाची ताकद घटते. मग पूर्वी सहज होणारं कामही अवघड वाटतं, थकवा येतो, आणि थकवा आला म्हणून माणूस आणखी झोपतो. केमोचे चार-सहा महिने संपेपर्यंत धडधाकट माणूसही काठीला येतो. डॉक्टरांच्या परवानगीने थोडी हालचाल सुरू ठेवली तर हे चक्र तोडता येतं.

अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या 'ॲस्को' या संघटनेने २०२२ साली मार्गदर्शक सूचना काढल्या. रोग पूर्ण बरा करण्याच्या हेतूने केमो किंवा रेडिएशन सुरू असलेल्या पेशंटना डॉक्टरांनी नियमित व्यायामाचा सल्ला द्यावा, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. व्यायाम दोन प्रकारचा: चालणं-सायकलिंगसारखा दम वाढवणारा आणि स्नायूंची ताकद वाढवणारा.

सायकलवर काय प्रयोग झाले?

१९८० च्या दशकात अमेरिकेच्या ओहायो राज्यात मेरी मॅकव्हिकर आणि मॅरिल विनिंगहॅम या नर्सिंग क्षेत्रातल्या संशोधकांनी एक धाडसी प्रश्न विचारला. केमो घेणाऱ्या बायकांना सायकल चालवायला लावली तर?

त्यांनी स्तनाच्या कॅन्सरच्या दुसऱ्या टप्प्यातल्या, केमो सुरू असलेल्या ४५ महिला निवडल्या. त्यातल्या एका गटाने १० आठवडे, आठवड्यातून तीनदा जागेवरची सायकल चालवली. थोडा वेळ जोरात, थोडा वेळ सावकाश, अशी पद्धत होती. १९८९ साली निष्कर्ष छापून आले. सायकल चालवणाऱ्या गटाची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता सुमारे ४० टक्क्यांनी वाढली होती, तीही केमो सुरू असताना. याच दोघींच्या आणखी एका अभ्यासात मळमळही कमी झाल्याचं दिसलं.

त्यापुढचा प्रयोग जर्मनीतल्या फ्रायबर्गचा. तिथे फर्नांडो दिमेओ आणि सहकाऱ्यांनी अत्यंत तीव्र केमो आणि मूळपेशी प्रत्यारोपण झालेल्या पेशंटच्या पलंगालाच पायडल जोडलं. पेशंट झोपल्या झोपल्या एक मिनिट पाय फिरवायचे, एक मिनिट थांबायचे, असं रोज अर्धा तास. १९९७ साली छापलेल्या या अभ्यासात ७० पेशंट होते. पायडल मारणाऱ्यांची ताकद इतरांइतकी घटली नाही आणि रुग्णालयातला त्यांचा मुक्कामही थोडा कमी झाला.

संशोधकांनी सायकलच का निवडली? शरीराचं वजन सीटवर असतं, त्यामुळे गुडघ्यांवर ताण कमी येतो. जागेवरच्या सायकलवरून पडण्याची भीती फारशी नसते. जोर किती लावायचा ते मोजून ठरवता येतं आणि चक्कर आली तर लगेच थांबता येतं. शिवाय मांड्यांचे स्नायू शरीरातले सर्वात मोठे. ते चालू राहिले की हृदय-फुफ्फुसांनाही काम मिळतं.

म्हणजे सायकलने कॅन्सर बरा होतो का?

नाही. केमो, शस्त्रक्रिया, रेडिएशन यांची जागा कोणताही व्यायाम घेऊ शकत नाही. 'औषध सोडा, व्यायाम करा' असा मेसेज व्हॉट्सॲपवर आला तर तो तिथेच डिलीट करावा.

पण एका मोठ्या अभ्यासाने २०२५ साली जगाचं लक्ष वेधलं. 'चॅलेंज' हे त्याचं नाव. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया आणि केमो पूर्ण झालेले ८८९ पेशंट त्यात होते. अर्ध्यांना फक्त आरोग्याची माहितीपुस्तिका मिळाली. उरलेल्यांना तीन वर्षं प्रशिक्षकाच्या मदतीने व्यायाम करायला लावला. आठ वर्षांनंतर व्यायाम करणाऱ्या गटातले ९०.३ टक्के पेशंट जिवंत होते, दुसऱ्या गटातले ८३.२ टक्के.

हा फरक मोठा आहे. मात्र दोन गोष्टी लक्षात ठेवायला हव्यात. हा व्यायाम केमो संपल्यानंतरचा होता आणि तो एकाच प्रकारच्या कॅन्सरमध्ये तपासला गेला. त्यामुळे 'केमो सुरू असताना सायकल चालवली की आयुष्य वाढतं' असा निष्कर्ष यातून काढता येत नाही. उपचार सुरू असतानाचा सिद्ध झालेला फायदा आहे तो थकवा, ताकद, मनःस्थिती आणि रोजचं जगणं यांच्या बाबतीतला.

सायकल आणि कॅन्सर म्हटलं की अनेकांना लान्स आर्मस्ट्राँग आठवतो. १९९६ साली त्याला वृषणाचा कॅन्सर झाला आणि १९९९ पासून त्याने सलग सात वेळा 'टूर द फ्रान्स' जिंकली. उत्तेजक औषधं घेतल्याचं उघड झाल्यावर २०१२ साली ती सातही विजेतेपदं काढून घेण्यात आली. सामान्य पेशंटने डोळ्यांसमोर हे उदाहरण ठेवूच नये. इथे लक्ष्य शर्यत नाही. स्वतःच्या पायांनी संडास-बाथरूमला जाता यावं, पुढची केमो वेळेवर घेता यावी, एवढंच आहे.

किती वेळ, किती जोरात?

अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनच्या पुढाकाराने तज्ज्ञांनी २०१९ साली एक सोपं प्रमाण सांगितलं: आठवड्यातून तीन दिवस, ३० मिनिटं, मध्यम जोराचा व्यायाम, निदान १२ आठवडे. थकवा, चिंता, नैराश्य यांत फरक पडायला एवढं पुरेसं ठरतं.

मध्यम जोर कसा ओळखायचा? पायडल मारताना शेजारच्याशी बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येऊ नये. बोलतानाही धाप लागत असेल तर जोर जास्त होतोय.

अर्थात ३० मिनिटं हे गाठायचं ठिकाण आहे, पहिल्या दिवसाचं काम नव्हे. आधी व्यायामाची सवय नसेल तर पाच मिनिटांनी सुरुवात करावी. सकाळी पाच, संध्याकाळी पाच असंही चालतं. दर आठवड्याला दोन-तीन मिनिटं वाढवावीत.

केमोचं वेळापत्रकही सांभाळावं लागतं. इंजेक्शननंतरचे पहिले दोन-तीन दिवस अनेकांना फार जड जातात. तेव्हा अंगणात दोन फेऱ्या मारल्या तरी पुष्कळ. साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी सर्वात कमी असतात. त्या दिवसांत गर्दीची ठिकाणं आणि व्यायामशाळा टाळावी, घरीच हलका व्यायाम करावा. त्यानंतर पुढच्या केमोपर्यंतचे दिवस बहुतेकांना बरे वाटतात. सायकलचा वेळ वाढवायचा तो तेव्हा.

रस्त्यावरची सायकल की जागेवरची?

उपचार सुरू असताना शक्यतो जागेवरची. त्याचं कारण साधं आहे. प्लेटलेट कमी असताना सायकलवरून पडलं तर साधा मुका मारही जिवावर बेतू शकतो.

जिममधली महागडी सायकल यासाठी लागत नाही. खुर्चीत बसून पायाने फिरवायचं छोटं पायडल यंत्र मिळतं. ते जमिनीवर ठेवायचं, भक्कम खुर्ची भिंतीला टेकवायची आणि बसून पाय फिरवायचे. अशक्त पेशंटसाठी हाच सर्वात सुरक्षित मार्ग.

घरची जुनी सायकल स्टँडवर लावून मागचं चाक अधांतरी फिरवण्याचा खेळ आपण सगळ्यांनी लहानपणी केला आहे. पेशंटने तो करू नये. ते स्टँड नुसती सायकल उभी राहावी म्हणून असतं, वर बसून जोर लावला की सायकल कलंडते.

डॉक्टरांनी रस्त्यावर चालवायला परवानगी दिलीच, तर जागा विचारपूर्वक निवडावी. आपल्या जिल्ह्यात घाटावर आणि घाटाखाली असे दोन वेगळे भूगोल आहेत. बुलढाणा शहरात हवा थंड, पण चढ-उतार फार. राजूर घाटाच्या बाजूला तर विचारही करू नये. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, शेगाव या पट्ट्यात जमीन सपाट आहे, पण उन्हाळा कडक. शिवाय मलकापूर-नांदुरा-खामगाववरून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर ट्रकची रांग असते. तिथे सायकल नको. गावातला शांत डांबरी रस्ता किंवा शाळेचं मैदान बरं.

अनेक घरांत मानव विकास कार्यक्रमातून मुलींना मिळालेली सायकल असते. तिला मधला आडवा दांडा नसतो, त्यामुळे पाय फार वर न उचलता चढता-उतरता येतं. पेशंटसाठी तीच सोयीची. सीट इतकी खाली ठेवावी की बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीला टेकतील. एकट्याने जाऊ नये. हेल्मेट घालावं.

मार्च ते जूनमध्ये सकाळी आठच्या आत उरकावं. उन्हाची आणखी एक बाजू आहे. तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरमध्ये 'सिस्प्लॅटिन' हे औषध वारंवार वापरलं जातं आणि ते किडनीवर ताण आणतं. अंगातलं पाणी कमी झालं की हा ताण वाढतो. संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव या खारपाणपट्ट्यातल्या गावांत किडनीच्या आजारांचा प्रश्न जुना आहे. तिथल्या पेशंटने किडनीचा रिपोर्ट आणि रोज किती पाणी प्यायचं, हे दोन्ही डॉक्टरांना विचारूनच व्यायाम ठरवावा.

कधी सायकलला हातही लावू नये?

केमोपूर्वी जो रक्ताचा रिपोर्ट, म्हणजे सीबीसी काढतात, त्यातले तीन आकडे बघायला शिका. डॉक्टर साधारणपणे पुढील मर्यादा धरतात, मात्र अंतिम निर्णय त्यांचाच:

• हिमोग्लोबिन ८ च्या खाली असेल तर व्यायाम थांबवावा.
• प्लेटलेट ५० हजारांच्या खाली असतील तर रस्त्यावरची सायकल पूर्ण बंद. २० हजारांच्या खाली असतील तर जागेवरचा जोराचा व्यायामही बंद.
• पांढऱ्या पेशी फार कमी असतील तर घराबाहेरचा व्यायाम नको.

याशिवाय पुढीलपैकी काही झालं तर व्यायाम सोडून थेट दवाखाना गाठावा:

• ताप १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त. केमो सुरू असताना ताप आला की गोळी घेऊन सकाळची वाट बघायची नसते. त्याच दिवशी, रात्र असली तरी जायचं.
• छातीत दुखणं, अचानक धाप लागणं, डोळ्यांपुढे अंधारी येणं.
• एकच पाय सुजणं, पोटरी दुखणं. कॅन्सरमध्ये पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होण्याचा धोका वाढतो. अशा पायाने पायडल मारणं घातक ठरू शकतं.
• हाडांत नव्याने सुरू झालेलं, रात्री वाढणारं दुखणं.

उलट्या-जुलाब सुरू असतील त्या दिवशीही सुट्टी घ्यावी.

कोणत्या कॅन्सरमध्ये काय सांभाळायचं?

*तोंडाचा कॅन्सर:* भारतातल्या पुरुषांमध्ये याचं प्रमाण सर्वाधिक आहे, आणि आपल्याकडे खर्रा-तंबाखू घरोघरी. मानेची शस्त्रक्रिया झालेल्यांचा खांदा अनेकदा उतरतो, हात वर जात नाही, मान वळवून मागे बघता येत नाही. अशा वेळी रस्त्यावरची सायकल धोक्याची. रेडिएशनच्या शेकाने तोंड सोललेलं असतं, खाणं कमी झालेलं असतं. पोटात पुरेसं अन्न नसताना व्यायाम वाढवला तर वजन आणखी उतरतं. म्हणून आधी आहार, मग पायडल.

*स्तनाचा कॅन्सर:* काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या बाजूच्या हाताला सूज येऊ शकते. हँडलवर वाकून हातावर भार टाकू नये. खुर्चीतलं पायडल उत्तम. डॉक्सोरुबिसिन किंवा ट्रॅस्टुझुमॅब सुरू असेल तर हृदयाची तपासणी, म्हणजे टूडी इको झाली आहे ना, हे विचारावं.

*आतड्याचा, गर्भाशयमुखाचा, प्रोस्टेटचा कॅन्सर:* ओटीपोटाची शस्त्रक्रिया किंवा शेक झाला असेल तर सीटवर बसणं टोचतं, कातडी सोलते. डॉक्टर सांगेपर्यंत चालणंच बरं.

*हाता-पायांना मुंग्या येत असतील तर:* पॅक्लिटॅक्सेल, ऑक्झॅलिप्लॅटिनसारख्या औषधांनी असं होतं. ब्रेक नीट दाबला जात नाही, पाय पायडलवर आहे की नाही कळत नाही. रस्त्यावर जाऊ नये. ऑक्झॅलिप्लॅटिननंतर काही दिवस गार वस्तूला हात लावला की झिणझिण्या येतात. थंडीत सकाळचं लोखंडी हँडल हे त्याला निमंत्रणच.

*हाडांपर्यंत पसरलेला कॅन्सर:* पडून हाड मोडण्याचा धोका असतो. फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याशिवाय काहीही सुरू करू नये.

'दिवसभर काम करते, मग वेगळा व्यायाम कशाला?'

हा प्रश्न घरोघरी ऐकू येतो आणि तो रास्त आहे. धुणं, भांडी, पाणी भरणं, निंदण यात शरीराला कष्ट पडतातच. पण त्या कामात जोर किती आणि थांबायचं कधी, हे आपल्या हातात नसतं. हंडा अर्ध्या वाटेत ठेवता येत नाही. पायडल मात्र दम लागताच थांबवता येतं.

त्यामुळे घरकामावर सायकलची भर घालणं हा उपाय नाही. घरच्यांनी जड कामं उचलावीत आणि वाचलेल्या ताकदीतली १० मिनिटं पेशंटने व्यायामाला द्यावीत. पुरुष पेशंटला घरात सक्तीचा आराम मिळतो आणि बाई पेशंट केमोच्या तिसऱ्या दिवशी चुलीपुढे असते. या दोन्ही टोकांना बदल हवा.

दुसरी अडचण लोकांच्या नजरेची. केस गेलेली बाई डोक्याला स्कार्फ बांधून पायडल मारताना दिसली की चार प्रश्न येतात. 'हिला खरंच कॅन्सर आहे का?' इथपासून 'घरचे आराम देत नाहीत वाटतं' इथपर्यंत. घरातल्या एका माणसाने सोबत बसणं, वेळ लावणं, एवढ्याने हे निम्मं हलकं होतं.

लांबच्या उपचारांचं काय?

आपल्या जिल्ह्यातल्या बहुतेक पेशंटना उपचारासाठी अकोला, छत्रपती संभाजीनगर, नागपूर किंवा थेट मुंबईचं टाटा रुग्णालय गाठावं लागतं. बुलढाण्याहून संभाजीनगर सुमारे दीडशे किलोमीटर, नागपूर साडेतीनशेच्या घरात. मलकापूर किंवा शेगावहून मुंबई म्हणजे रात्रभराचा रेल्वेप्रवास. केंद्राच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत डे-केअर कॅन्सर केंद्रं उभारण्याची घोषणा झाली आहे. ती प्रत्यक्षात आली तर हा प्रवास कमी होईल.

तोवर प्रवासाचा दिवस हाच मोठा व्यायाम समजावा. त्या दिवशी सायकल नको. गाडीत बसल्या जागी दर अर्ध्या-पाऊण तासाने टाच वर, पंजा वर, असं २० वेळा करावं. पायातलं रक्त वाहतं राहतं.

आणि तिथवर जातोच आहोत, तर या पाच प्रश्नांचा कागद सोबत न्यावा:

१. माझ्या आजच्या रिपोर्टवर मी व्यायाम करू शकतो का? किती मिनिटं?
२. माझ्या औषधांचा हृदयावर, किडनीवर किंवा नसांवर परिणाम होतो का?
३. माझ्या हाडांत कुठे कॅन्सर आहे का?
४. जागेवरची सायकल चालेल की फक्त चालणं? रस्त्यावर कधीपासून?
५. इथल्या फिजिओथेरपिस्टला आज भेटता येईल का?

ओपीडीत डॉक्टरांकडे वेळ कमी असतो, हे खरं. म्हणून पाचवा प्रश्न सोडू नका. पहिल्या चारांची उत्तरं घाईत राहिली तरी फिजिओथेरपिस्ट ती सावकाश समजावून सांगू शकतो.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. व्यायाम सुरू करण्यापूर्वी उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.)